सकाळी आठचं रक्त

रिपोर्ट मोबाइलवर आला तेव्हा मी आधी आकडा पाहिलाच नाही, त्याच्या शेजारी छापलेली मर्यादा पाहिली. ५ ते २५. मग आकडा पाहिला, १४.२. लहानपणी निकालाच्या दिवशी गुणांच्या आधी 'उत्तीर्ण' हा शब्द शोधायचो, तसंच. जीव भांड्यात पडला आणि त्या भरात मी जरा मोठ्यानंच म्हणालो, "बघ ताई, कॉर्टिसॉल नॉर्मल आहे. काही झालेलं नाही तुला." ताई पलंगाच्या कडेला बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. हातात एक टॉवेल होता. तिनं त्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "म्हणजे मी उगाचच."

वाक्य तिथंच थांबलं. 'उगाचच'च्या पुढे खरं तर एखादं क्रियापद यायला हवं. उगाचच रडते. उगाचच पडून राहते. उगाचच सगळ्यांच्या जिवाला घोर लावते. ते तिनं मोकळंच सोडलं आणि मीही ते भरलं नाही. "चला, एक काळजी मिटली," असं काहीतरी पुटपुटत फोन खिशात टाकला. पण तिचा पडलेला चेहरा काही केल्या खिशात जाईना. आजार नाही हे कळल्यावर माणूस इतकं हिरमुसू शकतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

तपासणी मुळात सांगितली होती ती वेगळ्याच कारणासाठी. वजन वाढत होतं, थकवा जात नव्हता, म्हणून डॉक्टरांनी थायरॉइडबरोबर हीही लिहून दिली होती, 'दुसरं काही नाही ना, एवढंच बघायला.' आम्ही दोघांनी मात्र ते आपल्या सोयीनं ऐकलं. इंटरनेटवर कॉर्टिसॉलसाठी 'ताणाचं संप्रेरक' हा शब्द वाचला होता, आणि ताईला दीड वर्ष ताणाशिवाय दुसरं होतं काय? म्हणजे ते वाढलेलं असणारच. वाढलेलं दिसलं की तिच्या दुखण्याला एक कागद मिळणार. रक्त घेणाऱ्या मुलानं नळीवर वेळ लिहिली, ८.०५. म्हणाला, "याचं घड्याळ बघावं लागतं. दुपारी आला असतात तर आकडा निराळा आला असता." ताई हसली होती. त्या आठवड्यातलं तिचं तेवढंच हसू मला आठवतं.

घड्याळाचं त्यानं अगदी खरं सांगितलं होतं. हे संप्रेरक आपण झोपेत असतानाच, उत्तररात्री, चढायला लागतं. जाग आल्यावर पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात त्याची आणखी एक उसळी असते, आणि मग दिवसभर पायऱ्या उतरत ते मध्यरात्रीच्या सुमारास तळाला टेकतं. त्याला नुसतं 'ताणाचं' म्हणणं हा त्याच्यावर अन्यायच आहे. ते आपल्याला उठवतं, रक्तातली साखर राखतं, दाह आवरतं. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या, जेमतेम चार-पाच ग्रॅमच्या दोन ॲड्रिनल ग्रंथी हे काम बिनबोभाट करत असतात. मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागानं त्याच्याखालच्या पिट्युटरी ग्रंथीला कळवायचं, पिट्युटरीनं ॲड्रिनलला, आणि ॲड्रिनलनं कॉर्टिसॉल रक्तात सोडायचं. ते पुरेसं झालं की तेच उलट मेंदूत जाऊन सांगतं, पुरे आता. पाण्याच्या टाकीत तरंगता गोळा असतो ना, टाकी भरली की वर येऊन तोटी बंद करणारा, त्यातलाच प्रकार. १९६८ साली ब्रूस मॅकइवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात दिसलं, की उंदरांमधलं याच जातीचं संप्रेरक मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागात जाऊन चिकटून बसतं. हिप्पोकॅम्पस म्हणजे आठवणींशी नातं असलेला भाग. तोवर मूत्रपिंडावरच्या ग्रंथी आणि आठवणी यांचा एकमेकांशी काही संबंध असेल, असं कुणाच्या मनात फारसं आलं नव्हतं.

ताईची सकाळ मात्र या आलेखाला वाकुल्या दाखवणारी होती. पहाटे चारला टक्क जाग. "डोळे उघडायच्या आधीच छातीवर कुणीतरी बसलेलं असतं," ती म्हणायची. अंग सांगतंय ऊठ आणि मन सांगतंय कशाला. संध्याकाळी पाच-सहाच्या पुढे ती जराशी माणसात यायची, फोनवर बोलायची, क्वचित विनोदही करायची. त्यामुळे संध्याकाळी भेटणाऱ्यांना वाटे, ही तर बरीच आहे की. गंभीर नैराश्यात सकाळ सगळ्यात जड जाते आणि जाग वेळेआधी येते, हे मनोविकारतज्ज्ञ फार जुन्या काळापासून लिहून ठेवत आले आहेत. आम्ही नातेवाईक मात्र ते 'उशिरा उठायची सवय' या सदरात टाकून मोकळे होतो.

कॉर्टिसॉलची आणि आमच्या घराची ओळख त्याआधीची. बाबांच्या फुफ्फुसांच्या दुखण्यात त्यांना प्रेडनिसोलोन सुरू केलं होतं. प्रेडनिसोलोन म्हणजे कॉर्टिसॉलचाच प्रयोगशाळेत बनवलेला भाऊ, अंगानं जास्त दणकट. पहिल्या आठवड्यात घरात जणू उत्सव होता. धापा टाकणारा माणूस घरभर फिरायला लागला, जुन्या ओळखीच्यांना फोन लावायला लागला. मग एका रात्री तीन वाजता खुडबुड ऐकून मी उठलो, तर बाबा कपाटातले सगळे कागद जमिनीवर मांडून बसलेले. वर्षवार लावतोय म्हणाले. डोळे लखलखीत. बोलणं थांबेना. दोन दिवसांनी त्याच कागदांवरून ताईला असं काही बोलले, की ती स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिली, रडण्याचा आवाज येऊ नये म्हणून. चेहरा गोल झाला, भूक खवळली. पुढे मात्रा हळूहळू उतरवत आणली, तसतसे बाबाही उतरत गेले. खिडकीशी तासन् तास. विचारलं तर "काही नाही." माणूस तोच, घर तेच, दुःखंही तीच. बदलला होता तो गोळ्यांचा आकडा.

तेव्हा मला भीतीच वाटली होती. आपण ज्याला स्वभाव म्हणतो, तो मिलिग्रॅममध्ये मोजता येतो की काय?

बाबांचं ते उदाहरण काही जगावेगळं नव्हतं. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये सांधेदुखीनं खिळलेल्या एका बाईला पहिल्यांदा कॉर्टिसोन, म्हणजे कॉर्टिसॉलचंच जवळचं भावंड, टोचलं गेलं आणि ती काही दिवसांत चालू लागली. जगानं चमत्कार म्हटलं. दोनच वर्षांत, १९५० साली, त्या संशोधनाला नोबेल मिळालं. चमत्काराच्या पाठोपाठ कुणी अतिउत्साहात, कुणी खोल उदासीत, कुणी भ्रमात गेल्याच्या नोंदीही आल्या. १९७२ साली बॉस्टनच्या एका मोठ्या पाहणीत दिवसाला ४० मिलिग्रॅमपर्यंत प्रेडनिसोन (बाबांच्या गोळीचंच भावंड) घेणाऱ्यांत मानसिक त्रास १.३ टक्के रुग्णांत दिसला, तर ८० च्या वर घेणाऱ्यांत १८.४ टक्के. उलट बाजूनंही तेच. शरीर स्वतःच कॉर्टिसॉलचा पूर आणतं त्या कुशिंगच्या विकारात नैराश्य इतकं नेहमीचं, की कित्येकदा आधी मन बिघडतं आणि मूळ दुखणं मागाहून सापडतं. ॲडिसनच्या विकारात या ग्रंथी सुकतात, कॉर्टिसॉल आटतं, तेव्हाही माणूस मरगळतो, खिन्न होतो. जास्त झालं तरी अंधार, कमी झालं तरी अंधार. मधला पट्टा रुंद, आणि ताई त्याच्या बरोबर मध्यावर, १४.२ वर, टॉवेल हातात घेऊन बसलेली.

तिला जो कागद हवा होता, तो एकेकाळी सगळ्या मनोविकारशास्त्रालाच हवा होता, हे मला मागाहून वाचनात आलं आणि गंमत वाटली. थोडी वाईट गंमत. १९६० च्या दशकाच्या अखेरीस बर्नार्ड कॅरल या मनोविकारतज्ज्ञानं एक चाचणी नैराश्याच्या रुग्णांवर करून पाहिली. रात्री डेक्सामेथासोनची, म्हणजे कॉर्टिसॉलची नक्कल करणाऱ्या औषधाची, छोटीशी गोळी द्यायची. निरोगी मेंदूला वाटतं, अरे, टाकी भरली, आणि तोटी बंद होते. दुसऱ्या दिवशी रक्तात कॉर्टिसॉल उतरलेलं सापडतं. नैराश्याच्या काही रुग्णांत ते उतरतच नव्हतं. गोळा वर येऊनही पाणी वाहतंच आहे. १९८१ मध्ये त्यांच्या गटानं रात्रीच्या १ मिलिग्रॅमच्या गोळीची प्रमाणित पद्धत मांडली आणि जगभर आशा पालवली. अखेर मनाच्या दुखण्यालाही रक्ताचा पुरावा! त्या चाचणीसाठी रांगेत बसलेल्या माणसांचा मी विचार करतो. त्यांच्यातही कुणी मनात म्हणत असेल, येऊ दे बाबा वाईट, म्हणजे घरचे तरी ऐकतील.

पण आजाराला काही ती आशा कळेना. नैराश्यानं ग्रासलेल्या निम्म्याहून कमी लोकांत चाचणी बिघडलेली निघायची, गंभीर प्रकारांत जास्त, सौम्य प्रकारांत कमी. वर दारूचं व्यसन, स्मृतिभ्रंश, झपाट्यानं घटलेलं वजन यांतही ती बिघडायची. आज नैराश्याचं निदान करायला ती कुणी वापरत नाही, कुशिंगच्या विकारासाठी मात्र वापरतात. नंतर या साखळीची कडी औषधानं तोडून नैराश्य बरं करता येईल का, तेही करून पाहिलं गेलं. हायपोथॅलॅमसच्या निरोपाला अडवणारी औषधं आली, कॉर्टिसॉलला पेशीत काम करू न देणारं मिफेप्रिस्टोन आलं. प्रयोगशाळेत जे चमकलं ते मोठ्या चाचण्यांत फिकं पडलं. नैराश्य म्हणजे एक रसायन जास्त झालंय एवढंच असतं, तर ते केव्हाच आटोपलं असतं. बहुधा या एकाच नावाखाली पुष्कळ वेगवेगळी दुखणी नांदत असावीत. काहींत कॉर्टिसॉल वर, काहींत नेहमीसारखं, काहींत चक्क खाली.

मग ताणाचा आणि उदासीचा संबंध मला थोडाफार कळला तो एका अगदीच साध्या प्रयोगातून. जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९३ साली लोकांचं कॉर्टिसॉल वाढवायची एक युक्ती मांडली. ना विजेचा धक्का, ना बर्फाचं पाणी. माणसाला एका खोलीत न्यायचं. समोर काही परीक्षक. त्यांच्यापुढे पाच मिनिटं स्वतःबद्दल भाषण करायचं, आणि मग १०२२ मधून १३-१३ वजा करत मोठ्यानं मोजायचं. चुकलात, पुन्हा पहिल्यापासून. परीक्षकांना एकच काम, चेहरा कोरा ठेवायचा. मान डोलवायची नाही, हसायचं नाही. एवढ्यानं लाळेतलं कॉर्टिसॉल दुपटी-तिपटीनं चढतं. पुढे २००४ मध्ये अशा २०८ प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा दिसलं, की सगळ्यात जास्त कॉर्टिसॉल उसळतं ते दोन गोष्टी एकत्र आल्यावर. कुणीतरी आपलं मोजमाप करतंय, आणि काय घडणार ते आपल्या हातात नाही.

हे वाचलं तेव्हा मला ती दुपार आठवली. खोलीत ताई, समोर मी, हातात तिचा आकडा. आणि माझा चेहरा कोरासुद्धा नव्हता, चांगला आनंदी होता.

आणखी एक प्रयोग आहे, तो मात्र मला झोपू देत नाही. मॅकइवेन यांच्या त्या १९६८ च्या शोधनिबंधावर ज्यांचं नाव होतं, त्या जे वाइस यांचाच. दोन उंदीर, दोघांच्या शेपटीला सारखाच विजेचा धक्का. एकाच्या पुढ्यात चाक. त्यानं ते फिरवलं की धक्का थांबायचा, दोघांचाही. दुसऱ्याच्या हातात काहीच नाही. धक्के मोजून तेवढेच बसले, तरी जठरात जखमा जास्त झाल्या त्या हतबल उंदराला. इथवरचं सगळेच सांगतात, म्हणजे 'परिस्थितीवर ताबा मिळवा' वगैरे. पुढचं फारसं कुणी सांगत नाही. वाइस यांनी मग चाकाचा नियम थोडा बदलला. मोठा धक्का टाळायला चाक तर फिरवायचंच, पण फिरवताक्षणी एक छोटा झटका बसणार, तोही दोघांना सारखाच. आता पारडं उलटलं. हतबल बसलेल्या उंदरापेक्षा निभावून नेणाऱ्या उंदराच्या जखमा जास्त निघाल्या.

बाबांच्या आजारपणात चाक ताईच्या हातात होतं. औषधांचा तक्ता तिचा, रात्रपाळी तिची, डॉक्टरांशी बोलणं तिचं. मी पैसे पाठवायचो आणि रविवारी यायचो. ती नीट करायची म्हणून पुढचंही तिच्याकडेच जायचं. बाबांचा श्वास तिच्यामुळे सुरळीत झाला की शाबासकीऐवजी नवं काम यायचं, आणि वर बाबांची चिडचिड. "तुला जमतं गं," हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेन! आम्हा सगळ्यांना ती खंबीर दिसत होती. बाबा गेल्यावर तीन महिने ती खंबीरच होती. चौथ्या महिन्यात एका सकाळी तिला उठताच आलं नाही, आणि आम्ही म्हणालो, आता कशाचा ताण? आता तर सगळं संपलं.

आपली भाषाही यात थोडी फसवी आहे. आपण म्हणतो 'टेन्शन घेऊ नकोस'. जणू ते फळीवर ठेवलेलं असतं आणि हिनं हात लांबवून घेतलं. पण याच भाषेत पोटात गोळा येतो, हातपाय गळतात, जीव टांगणीला लागतो, रक्त आटतं. ते शब्द घडवणाऱ्यांनी कुठे कॉर्टिसॉल मोजलं होतं? आणि 'कुढणं' या शब्दाला तर तोड नाही. घडून गेलेली गोष्ट आत पुन्हा पुन्हा फिरवत राहायची आणि दर फेरीला थोडं जळायचं. ट्रिअरसारख्या परीक्षेनंतर जे लोक तोच प्रसंग मनात घोळवत बसतात, त्यांचं कॉर्टिसॉल उतरायला जास्त वेळ लागतो, असं काही अभ्यासांत दिसलं आहे. रक्तातलं कॉर्टिसॉल खरं तर तास-दीड तासात निम्म्यावर येतं. घटना संपते. कुढणं तिला रोज सकाळी नव्यानं घडवतं.

ताईवर उपचार सुरू आहेत. गोळी आहे, आठवड्याला एकदा समुपदेशक बाईंशी बोलणं आहे. त्या बाईंनी तिला पहिल्यांदा विचारलं ते असं: यातलं काय काय तुम्ही सोडून देऊ शकता? काय कराल, असं नाही विचारलं. मला हे ताईनं हसत सांगितलं. म्हणाली, यादी करताना सगळ्यात वर तुझा रविवार आला. तू येणार म्हणून मी शनिवारपासून घर आवरत बसते. मला लागलं. खोटं कशाला सांगू, चांगलंच लागलं. मी आता रविवारी जात नाही. मधल्या कुठल्यातरी दिवशी जातो, न कळवता, आणि पसाऱ्यातच बसतो. तिला त्यानं बरं वाटतं की मला, हे सांगणं कठीण आहे. सोबत कुणी असलं की परीक्षेच्या खोलीतलं कॉर्टिसॉलही कमी चढतं असं वाचलंय खरं, पण सोबत आणि परीक्षक यांतलं अंतर एका खुर्चीचंच असतं, आणि मी दोन्ही खुर्च्यांवर बसून चुकलोय.

सकाळी मात्र फोन करतो. आठ वाजून काही मिनिटांनी. 'कशी आहेस' असं विचारत नाही, कारण त्या प्रश्नालाही एक नॉर्मल मर्यादा छापलेली असते आणि उत्तर तिच्या आतच द्यावं लागतं. खिडकीतून काय दिसतंय, असलं काहीतरी बोलतो. कधी ती बोलते, कधी नुसता श्वास ऐकू येतो. गेल्या आठवड्यात धीर करून विचारलं, "ताई, रिपोर्ट आला त्या दिवशी तू 'म्हणजे मी उगाचच' म्हणून थांबलीस. पुढे काय म्हणणार होतीस?"

बराच वेळ काही नाही. मग म्हणाली, "अरे, असं म्हणाले होते मी? आठवत नाही. हातातला टॉवेल अजून दमट होता, त्याची घडी घालावी की पुन्हा वाळत टाकावा, एवढं आठवतंय." थोडं थांबून म्हणाली, "चल, ठेव आता. उठते मी."